मिरवणूक, गिट्टीचा ढीग आणि पहिला अर्धा तास : गावातला दंगा आधीच कसा अडवायचा

काळीमाती (धागाकर्ते)

पोळा झाला की आपल्याकडे मिरवणुकांची रांग लागते. गणपती, शारदा-दुर्गा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि सध्या ईद-ए-मिलादही याच दिवसांच्या आसपास येते. त्याआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ एवढं ठरतं आणि मंडळी घरी येतात. गल्ली किती रुंद आहे, ट्रॉली कोणाची, रस्त्याच्या कामाची गिट्टी (खडी) कुठं पडली आहे, यातलं काही त्या बैठकीत निघत नाही. हा धागा त्या राहून जाणाऱ्या गोष्टींसाठी आहे.

आधी थोडा सिद्धांत. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळाव्या लागतात : करणारा, सावज, आणि अडवणारं कुणी नसणं. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ साली हे मांडलं. कॉर्निश आणि क्लार्क या गुन्हेशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये परिस्थिती बदलून गुन्हा टाळायचे २५ उपाय पाच कप्प्यांत लावले : करणाऱ्याचे कष्ट वाढवा, पकडलं जाण्याची भीती वाढवा, पदरात पडणारं कमी करा, चिथावणी कमी करा, सबबी काढून घ्या. घरफोडीत पहिले दोन कप्पे जास्त कामाला येतात, कुलूप आणि उजेड. जमावाच्या बाबतीत माझ्या मते शेवटचे दोन खरे.

‘अडवणारं कुणी’ याचा आपल्या भागातला अर्थ नीट समजून घ्या. तालुक्याचं ठाणं २५-३० किलोमीटरवर. दंगा नियंत्रण पथकाची गाडी निघणार जिल्ह्याहून. ११२ ला फोन लागला तरी पुरेसं बळ पोचेपर्यंतचा पहिला अर्धा तास गावाचाच असतो. म्हणून सगळं काम त्या अर्ध्या तासाच्या आधीचं.

पहिलं काम, मार्ग पायी चालणे. आठ-दहा दिवस आधी आणि मिरवणूक ज्या वेळी निघते त्याच वेळी, म्हणजे अंधार पडल्यावर. सोबत पोलीस पाटील, बीट अंमलदार (आपल्या गावाची जबाबदारी असलेला पोलीस), मंडळाचा एक जण, ज्या मोहल्ल्यातून मिरवणूक जाते तिथला एक जण, आणि वायरमन. हातात मोजपट्टी.

जुन्या गावठाणातली गल्ली मोजा. समजा १० फूट भरली. ट्रॅक्टरची ट्रॉली सहा-सात फुटांची, त्यावर आडवे बांधलेले डीजेचे बॉक्स दोन्हीकडून अर्धा-अर्धा फूट बाहेर आलेले. दोन्ही अंगाला उरला एकेक, फार तर दीड फूट. माणसाच्या खांद्यांना दीड-पावणेदोन फूट लागतात. म्हणजे ट्रॉली थांबली की गल्लीला बूच बसलं. सपाट मोकळ्या वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं निघतात. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी ८२ हा आकडा धरतात. मोकळ्या १० फुटी गल्लीतून त्या हिशेबानं मिनिटाला अडीचशे, म्हणजे बाराशेचा जमाव पाच मिनिटांत पार. ट्रॉली अडकली की तोच हिशेब शून्यावर येतो. मागच्यांना पुढचं दिसत नाही, ते रेटतात. एका चौरस मीटरमध्ये चारच्या वर माणसं झाली की नीट चालता येत नाही. पाच-सहाच्या पुढं माणूस आपल्या पायांवर राहत नाही, रेटा नेईल तिकडं जातो. त्यात ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला धक्का लागतो, कुणाच्या दाराची चौकट तुटते, आणि तो ओटा दुसऱ्या समाजाचा असतो. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

यावर उपाय सरळ आहे. १५ फुटांखालच्या गल्लीत ट्रॉली नाही. ट्रॉली मेन रोडनं जाईल, गल्लीतून फक्त पायी आणि वाद्यं हातातली. थांबायच्या जागा आधीच खडूनं आखायच्या, जिथं ३० फूट रुंदी आहे तिथंच. प्रार्थनास्थळाच्या आधी आणि नंतर १०० मीटर थांबा नाही, गाणं बदलणं नाही, गुलाल नाही. हे आधी लिहून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या की ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ ही सबब राहत नाही. पाचवा कप्पा म्हणतात तो हाच.

बाकीच्यांनी भर घालावी.

वायरमन_लाईन

उंचीचं राहिलं. बॉक्स, वर कमान, त्यावर झेंडा, असं करत ट्रॉली तारेला भिडते. मग मंडळ लाईन बंद करायला सांगतं, आणि अपघात नको म्हणून ती करावीही लागते. पण लाईन बंद म्हणजे पथदिवे बंद, कॅमेरे बंद. गर्दीच्या मधोमध अंधार आपणच आणून ठेवला. काही गावांत तर दगड आला तो नेमका या दहा मिनिटांत.

बांबूला खुणा करून मार्गावरची सगळ्यात खाली लोंबणारी तार मोजा. ट्रॉलीची उंची वरच्या माणसासकट तिच्यापेक्षा चांगली खाली राहिली पाहिजे, आणि हे परवानगीच्या अर्जातच लिहून घ्यायचं. लोंबणारी तार आठ दिवस आधी कळवली तर ओढून देता येते, आदल्या दिवशी जमत नाही. त्या रात्री डीपीजवळ (गावाच्या ट्रान्सफॉर्मरजवळ) एक माणूस बसवावा. फ्यूज उडाला तर उजेड लवकर परत यावा म्हणून, आणि डीपीला कुणी हात लावू नये म्हणूनही.

बंदोबस्त_डायरी

धाग्याची मांडणी योग्य आहे. पोलिसांच्या बाजूचं सांगतो.

दगडापासून सुरू करू. सिमेंट रस्त्याच्या कामाची एक ब्रास गिट्टी म्हणजे १०० घनफूट, वजन चार टनांच्या वर. नाली खोदून निघालेला दगड, पाडलेल्या भिंतीच्या विटा, हे त्याहून वाईट, कारण ते हातात बसतं. अर्धा किलोचा एक दगड धरला तर एका ब्रासमध्ये आठ हजार होतात. दगड चाळीस-पन्नास मीटर जातो, म्हणून मार्गाच्या दोन्ही बाजूंनी किमान तेवढा पट्टा साफ हवा. ग्रामपंचायतीनं ठेकेदाराला दहा दिवस आधी पत्र द्यावं : माल गावाबाहेर हलवा, नाहीतर टाकूच नका. हलवणं शक्य नसेल तर ढिगावर ताडपत्री, चारी बाजूंनी दोर आणि शेजारी होमगार्ड. गच्च्या दोनदा बघायच्या, आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी दुपारी. दुसरी फेरी जास्त महत्त्वाची. सोबत दोन्ही समाजांचा एकेक माणूस घ्या. फक्त एकाच मोहल्ल्याच्या गच्च्या बघितल्या तर तीच चिथावणी ठरते.

आता कायदा. मार्ग, वेळ, वाद्यं यांबाबत निर्देश देता येतात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३६ खाली. जमावबंदी आणि शस्त्रबंदी कलम ३७ खाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जमावबंदीचं १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ आहे. प्रतिबंधक नोटीस, म्हणजे जुनं १४९, ती आता १६८. बंधपत्राची, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी घेण्याची कारवाई १०७ ऐवजी १२६. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे, तरी मंडळांच्या बैठकीत अजून जुनेच आकडे ऐकू येतात.

नोटिसांत एक चूक वारंवार होते. यादी जुनी असते. पाच वर्षांपूर्वी कोणत्यातरी आंदोलनात नाव आलं म्हणून शेतीला लागलेल्या माणसाला नोटीस जाते, आणि जो पोरगा आज मोबाईलवर आग लावतोय त्याचं नाव यादीत नसतं. चुकीची नोटीस एक शांत घर दुखावते. बीट अंमलदारानं दरवर्षी यादी पोलीस पाटलासोबत बसून नव्यानं करावी. दहा नेमकी नावं शंभर ढोबळ नावांपेक्षा उपयोगी.

ध्वनीचं माप : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. विसर्जनाची रात्र त्यात आहे की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात बघून घ्या, गृहीत धरू नका.

पारावरून

सगळं वाचलं. तरी मला मूळ मांडणीच पटत नाही. चोर हिशेब करतो हे खरं, कुलूप मोठं दिसलं तर पुढच्या घरी जातो. दंगा करणारा हिशेब करत नाही. त्याच्या डोक्यात विष भरलेलं असतं. तिथं गल्लीची रुंदी मोजून काय होणार? आज गिट्टी हलवली तर उद्या तो विटा आणेल.

काळीमाती

पारावरूनजी, प्रश्न योग्य जागी आहे. पण गर्दीत सगळे एकसारखे नसतात. आधीपासून ठरवून आलेले थोडे. त्यांच्यासाठी १२६, हद्दपारी, आणि त्या दिवशी मागे एक माणूस. त्यांना गिट्टी हलवून फरक पडणार नाही, हे मान्य. मिरवणुकीला आलेले, पण तापले की हात उचलणारे, हे बरेच. यांनी घरून दगड आणलेला नसतो, पायाशी सापडला म्हणून उचलला. गिट्टी हलवायची ती यांच्यासाठी. आणि उरलेले बहुसंख्य नुसते बघे किंवा भाविक. ‘विटा आणेल’ ही शंका पहिल्यांबद्दल खरी, दुसऱ्यांबद्दल फारशी नाही. विटा आणायला घरी जावं लागतं आणि रस्त्यात आई भेटते.

वैनगंगाकाठ

यात एक भर. गर्दीत माणूस शहाणपण हरवतो, गर्दीला एकच वेडं मन असतं, हा विचार १८९५ च्या सुमाराला ल बाँ या फ्रेंच विचारवंतानं रुजवला आणि पोलिसी शिक्षणात तो फार काळ टिकला. स्टीफन राइशर आणि क्लिफर्ड स्टॉट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी उलट दाखवलं. गर्दीत लोक ‘आपण कोण’ ही ओळख धरून वागतात. पोलिसांनी सगळ्यांना सरसकट शत्रू धरलं की बघेसुद्धा चार उपद्रवी पोरांच्या बाजूला जाऊन उभे राहतात. म्हणजे एकजिनसी जमाव आपणच तयार करतो.

२००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत पोर्तुगालच्या शहरी पोलीस दलानं याच अभ्यासकांच्या सल्ल्यानं बंदोबस्त आखला. साधा गणवेश, दोघा-दोघांची जोडी, प्रेक्षकांशी बोलणं, हेल्मेटवालं पथक जवळच पण नजरेआड. त्यांच्या हद्दीत इंग्लिश प्रेक्षकांचा दंगा जवळपास झालाच नाही. दुसऱ्या दलाच्या हद्दीतल्या अल्बुफेरा गावात जुन्या पद्धतीचा बंदोबस्त होता, तिथं दंगा झाला.

आपल्याकडे त्याचं रूपांतर सोपं आहे. प्रार्थनास्थळासमोर ढाली लावून भिंत उभी करू नका. ओळखीचा बीट अंमलदार आणि दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं तिथं साध्या पद्धतीनं उभी राहू द्या. पथकाची गाडी शाळेच्या आवारात, दोन मिनिटांच्या अंतरावर. आणि दगड आला तर त्या दगडवाल्याला उचला, मिरवणुकीवर लाठी चालवू नका.

बंदोबस्त_डायरी

वैनगंगाकाठ यांच्याशी सहमत, एका अटीवर. गाडी दोन मिनिटांच्या अंतरावर म्हणजे चालक गाडीत, तोंड रस्त्याकडे, आणि मधला रस्ता दुचाक्यांनी अडलेला नाही. आवारात गाडी आहे आणि फाटकासमोर वीस मोटारसायकली, असं झालं तर ती गाडी नसल्यासारखीच.

पांगवायची वेळ आलीच तर आधी वाट उघडी हवी. दोन्ही तोंडं बंद करून ‘पांगा’ म्हटलं तर जायचं कुठं? घोषणा मराठीत आणि हिंदीत, किमान तीनदा, आणि तिच्यात दिशा सांगायची : ‘बाजाराच्या बाजूनं बाहेर पडा.’ नुसतं ‘जमाव बेकायदेशीर आहे’ ऐकून कोणालाच काय करायचं ते कळत नाही.

पऱ्हाटी_तुराटी

भाऊ, पेट्रोलचं कोनी बोलून नाही राहिलं. दरवेळी आदेश निघते, बाटलीत-कॅनमंदी पेट्रोल देऊ नका. पन गनपती येते तवा कपाशीवर फवारनी चालू रायते. ज्याच्यापाशी पेट्रोलचा फवारनी पंप हाय त्यानं काय करा? आठ दिवस अळीनं थांबावं का? मंग तो मानूस चोरून आनते, अन् एकदा चोरून आनायची सवय लागली का कोन कायले नेऊन राह्यला ते समजत नाही.

मंग करा काय? विसर्जनाचे आधीचे दोन दिवस सकाळी ६ ते १० कॅनमंदी द्या, एकाले ५ लिटर, रजिस्टरवर नाव-गाव लिहून. कास्तकार फवारनीले पहाटेच निंगते, त्याले जमते. नाव लिहा लागते म्हनलं का भलता पोट्टा येतच नाही. गावातल्या किराना दुकानात बाटलीतलं पेट्रोल मात्र पुरं बंद, ते दुकानदारालेच बोलून करा.

अन् कुटाराचे (भुशाचे), पऱ्हाटीचे (कपाशीच्या काड्यांचे) ढीग रस्त्याले लागून हायेत ते पाहा. अग्निशमनची गाडी तालुक्याहून येईतोवर कोठा (गोठा) जळून जाते. पान्याचं टँकर भरून ठेवा. वरूड-मोर्शीकडं संत्र्याच्या बागेले ट्रॅक्टरवरचा ब्लोअर रायते, टाकीत पाचसहाशे लिटर पानी बसते. लहान आगीले तो कामाचा. भरून, ट्रॅक्टरले जोडून ठेवा, चाबी कोनापाशी हाय ते दोघा-तिघांले माहीत पाह्यजे.

काळीमाती

पऱ्हाटी_तुराटी भाऊ, ब्लोअरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चावीचं तर फारच मोलाचं.

सातपुडा_पायथा

मिरवणुकीसोबत अफवेचाही विचार करा, कारण तिला तारीख नसते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भटक्या माणसांना जमावानं ठार मारलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. मारहाण ग्रामपंचायतीच्या खोलीतही झाली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढं पाठवायची मर्यादा आणली.

तीन गोष्टींचा त्रिकोण इथं स्पष्ट दिसतो. बाजारामुळे आयती गर्दी, अनोळखी सावज, आणि त्या गर्दीत ‘थांबा’ म्हणायला पुरेसं बळ नाही.

संशयित म्हणून कुणाला धरलं असेल तर एका दाराच्या खोलीत कोंडू नका. ती खोली संरक्षण देत नाही, जमावाला पत्ता देते. मागच्या दारानं काढा आणि मिळेल त्या गाडीतून गावाच्या हद्दीबाहेर, ठाण्याच्या दिशेनं. पोलीस येईपर्यंत थांबण्यापेक्षा पोलिसांना अर्ध्या वाटेत गाठणं बरं.

मुक्कामाला आलेली नाथजोगी, बहुरूपी कुटुंबं दरवर्षी त्याच सुमारास येतात. पोलीस पाटलानं त्यांची नोंद करावी आणि त्याच संध्याकाळी भोंग्यावरून गावाला सांगावं : अमुक गावची इतकी कुटुंबं शाळेमागच्या पडीत उतरली आहेत, नोंद झाली आहे. हे त्यांच्या रक्षणासाठी आहे, चौकशीच्या नावाखाली त्रास द्यायला नाही.

अफवेला उत्तर देताना अफवा पुन्हा सविस्तर सांगू नका. वेळ, काय घडलं, काय घडलं नाही, कोण बोलतंय, बस. ‘रात्री ९ वाजले आहेत. बाजार चौकात दोन गाड्यांची टक्कर झाली. कोणी दगावलेलं नाही. मी सरपंच बोलतोय, सोबत मशिदीचे सदर (अध्यक्ष) आहेत.’ दोन्ही आवाज एकाच माईकवर ऐकू आले पाहिजेत. सकाळचं पत्रक येईपर्यंत उशीर झालेला असतो.

निंबाची_सावली

सगळे दंग्याच्या आधीचं लिहीत आहेत. मला नंतरच्या पंधरा दिवसांचं लिहायचं आहे, कारण पुढचा दंगा तिथं पेरला जातो.

भारतीय न्याय संहितेत पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव कलम १८९ मध्ये आहे, आणि समान उद्देश असेल तर कलम १९० खाली जमावातला प्रत्येक जण जबाबदार. गुन्हा दाखल होतो तेव्हा वीस नावं आणि ‘इतर ४०० ते ५०० अनोळखी’ असं लिहिलं जातं. त्या ५०० मध्ये आपण येऊ या भीतीनं गावातले सगळे पुरुष नातेवाइकांकडे निघून जातात. दिवस सोयाबीन काढणीचे असतात. शेंगा तडकायला लागलेल्या, मजूर मिळत नाही, घरात बाई एकटी. जे घर दंग्यात नव्हतंच, त्याचं वर्ष जातं, आणि त्याचा राग दुसऱ्या मोहल्ल्यावर निघतो.

म्हणून चित्रीकरण बघून ओळख पटवा आणि नावं लवकर निश्चित करा. कोणाला अटक होणार नाही हे पोलीस पाटलामार्फत घरोघर सांगा. नुकसानीचा पंचनामा दुसऱ्याच दिवशी करा, दोन्हीकडच्या घरांचा एकाच फेरीत. एकीकडं तलाठी सकाळी गेला आणि दुसरीकडं चार दिवसांनी, तर भरपाई मिळूनही मन सांधत नाही. शाळा आणि रेशन दुकान शक्य तितक्या लवकर उघडा. बायका तिथं भेटतात, आणि बोलणं तिथूनच परत सुरू होतं.

कॅमेरा_कट्टा

चित्रीकरणाचा विषय निघाला म्हणून. ग्रामपंचायतीचे कॅमेरे तीन कारणांनी वाया जातात. घड्याळ चुकलेलं असतं. यूपीएस नसतो. कॅमेरा झाडाच्या फांदीकडे बघत असतो, कारण बसवला उन्हाळ्यात आणि पालवी आली पावसाळ्यात. आठवडाभर आधी तिन्ही तपासा. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं तेही बघा. चार कॅमेऱ्यांच्या छोट्या डिस्कवर जुनं पुसून नवीन लिहिलं जातं, म्हणून घटनेनंतर लगेच प्रत काढून घ्या. न्यायालयात त्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यात हेच ६५-ब होतं.

पारावरून

काळीमाती, त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांबद्दलचं उत्तर पटलं. आता समितीबद्दल विचारतो. गावातले तंटे गावातच मिटवणारी तंटामुक्ती समिती १५ ऑगस्ट २००७ पासून गावोगाव झाली. तिचा या कामाला उपयोग आहे की ती नुसती फलकावर?

बंदोबस्त_डायरी

उपयोग आहे, सदस्य कोण यावर अवलंबून. भिवंडीचं उदाहरण घ्या. १९७० आणि १९८४ च्या दंग्यांनी होरपळलेलं गाव. तिथं पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास मोहल्ला समित्या सुरू केल्या आणि १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत सामान्य माणसं होती, फक्त पुढारी नव्हते. बैठका सणापुरत्या नव्हत्या, वर्षभर चालायच्या. नळाचं, नालीचं, भांडणाचं तिथंच बोललं जायचं, त्यामुळे हवालदार आणि मोहल्ला एकमेकांना नावानं ओळखायचे.

आपल्या तंटामुक्ती समितीत बघा : डीजेवाला आहे का, ट्रॅक्टरचा मालक आहे का, पानठेलेवाला आहे का, बचत गटातली बाई आहे का? गर्दी थांबवायची ताकद यांच्यात असते. ट्रॉली कुठं वळवायची ते शेवटी ट्रॅक्टरवाल्याच्या हातात.

वैनगंगाकाठ

तारखांचं एक टिपून ठेवा. हिजरी वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून सण कधी एकत्र येणार हे वर्षभर आधी कळतं. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले. मुस्लिम समाजानं मिरवणूक पुढं ढकलायची तयारी दाखवली आणि राज्य सरकारनं सुट्टी २९ ला नेली. ही बोलणी गावपातळीवर आषाढातच उरकावीत. मंडळाचा डीजे ठरला, इसार दिला, की मग तारीख कोणीच हलवत नाही.

काळीमाती

इसाराचा मुद्दा पक्का. आमच्याकडच्या यादीत पहिल्या ओळीवर घेतो : डीजेला इसार द्यायच्या आधी मार्ग, वेळ आणि ट्रॉलीची रुंदी-उंची ठरलेली हवी. मोजपट्टी आणि बांबू ग्रामपंचायतीत ठेवला आहे. ज्यांना त्यांच्या गावचा मार्ग मोजून इथं टाकायचा असेल त्यांनी सगळ्यात अरुंद जागेची रुंदी, सगळ्यात खालच्या तारेची उंची आणि गर्दीचा अंदाज, एवढे तीन आकडे द्या. ट्रॉली जाईल की नाही ते इथंच बघून सांगू.